फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी लावू नका

"जुनी बाईक सुरू होत नाही? मेकॅनिक लुटतात, हे सहा उपाय घरीच करा!" असा एक मेसेज गेले काही महिने फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी सोडून दिला. पाचव्यांदा आमच्या दादाने पाठवला, आणि तोवर त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, त्यातला तिसरा उपाय करूनही टाकला होता. रविवारी सकाळी फोन आला, "आत्या, टाकीखालून धूर येतोय, काय करू?"

आता मात्र गप्प बसणार नाही. कराडला वडिलांचं बॅटरीचं दुकान मी चालवते. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या रांगेत माझं लहानपण गेलंय. तेव्हा एकेक मुद्दा घेते, आणि तिसऱ्यापासूनच सुरुवात करते.

मेसेज म्हणतो, "फ्यूज सारखा उडत असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवा, पुन्हा कधीच उडणार नाही." बरोबर आहे, उडणार नाही. म्हणूनच तर ते धोक्याचं आहे. फ्यूज उडतो म्हणजे गाडी सांगत असते की कुठेतरी वायर सोलली गेलीय आणि करंट भलत्या वाटेने जातोय. 15 अँपिअरचा फ्यूज तेवढ्यापुरताच तग धरतो, पुढे वितळतो आणि वायर वाचवतो. चांदीची जाड घडी वितळत नाही, मग वितळते ती वायर. बाईकची बॅटरी दिसायला लहान असते, पण सरळ शॉर्ट झाली तर शंभरावर अँपिअर सहज ओतते. आणि वायरिंग जातं कुठून? पेट्रोलच्या टाकीखालून.

भाच्याची गाडी सेकंडहँड, दीडशे सीसीची. पार्किंगमध्ये हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की अचानक सगळं बंद पडायचं. दिवे नाहीत, हॉर्न नाही, सेल्फ नाही. एकदा फ्यूज उडालेला दिसला आणि याने चांदी लावली. त्या दिवशी हँडल वळवलं, गाडी बंद पडली नाही, पण धूर आला. चावी काढली तरी धूर थांबेना, कारण सोललेली वायर इग्निशन स्विचच्या आधीची होती. बॅटरीतून थेट येणारी. तिथे चावीचा काही संबंधच नसतो. शेजारच्या काकांनी सीट काढून पक्कडीने ती चांदी ओढली म्हणून निभावलं.

दुपारी मी जाऊन टाकी उतरवली. हँडलच्या गळ्यापाशी, जिथे वायरिंगचा गुंडा वळतो, तिथे टेप झिजून तांबं उघडं पडलेलं. हँडल वळलं की ते चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, घासायचं. चार रंगांच्या वायरी एकमेकींना चिकटून काळ्या झाल्या होत्या, लाल कुठली आणि निळी कुठली ते नखाने खरवडून ओळखावं लागलं. आणि फ्यूजच्या डबीत, शेजारच्याच खाचेत, कंपनीने दिलेला जादाचा फ्यूज तसाच पडून होता.

"तुझं खरं कशावरून?" असं दादाने विचारलं. माझं राहू दे, गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल उघड म्हटलं. तेवढ्याच अँपिअरचाच फ्यूज घाला, जास्त क्षमतेचा किंवा दुसरं काही घालू नका, नाहीतर वायरिंग जळेल, अशी ताकीद त्यात स्पष्ट आहे. गाडी बनवणारा स्वतः सांगतोय, मग मेसेज लिहिणारा कोण लागून गेला? नवा फ्यूज बसवून परत उडाला तर मेकॅनिककडे जायचं, दुसरा उपाय नाही.

आता दुसरा मुद्दा, तोही तितकाच वाईट: "मेंटेनन्स फ्री बॅटरी संपली की पेचकसाने वरची पट्टी उचकटा आणि ॲसिड भरा." माझे वडील दुकानात जे शर्ट घालायचे त्यांच्या पोटावर बारीक भोकांची चाळण असायची. ॲसिडचा थेंब उडताना दिसत नाही, दोन धुण्यांनंतर कापड विरतं तेव्हा कळतं. डोळ्यात उडाला तर दोन धुण्यांची सवड मिळत नाही. त्यातून नुकतीच चार्ज केलेली बॅटरी असेल तर आत हायड्रोजन असतो. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की पेचकसाची एक ठिणगी पुरते.

शिवाय त्या उपायाने बॅटरी सुधारतही नाही. बॅटरीतलं ॲसिड उडून जात नाही, उडतं ते पाणी. म्हणून जुन्या, बुचं असलेल्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालतात, तेही खुणेपर्यंतच. वरून ॲसिड ओतलं की आतलं मिश्रण कडक होतं आणि प्लेटा लवकर खराब होतात. मेंटेनन्स फ्री बॅटरीत तर वेगळं पाणी नसतंच, सगळं काचेच्या लोकरीसारख्या थरात शोषलेलं असतं आणि वरचे व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबालाच उघडतात. पट्टी उचकटली की ते व्हॉल्व्ह गेले. एक गोष्ट मान्य करते: काही नव्या बॅटऱ्यांबरोबर ॲसिडचा पॅक येतो आणि पहिल्यांदा तो भरावा लागतो. मेसेजवाल्याने बहुधा तेच कुठेतरी पाहिलं असावं. पण ते एकदाच, सील करण्याआधी.

पहिला मुद्दा: "सेल्फ मारल्यावर टकटक आवाज आला म्हणजे सेल्फची मोटर गेली." दहातल्या बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. तो आवाज रिलेचा, म्हणजे बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचा. बॅटरीत रिले ओढण्याइतका जोर असतो, मोटर फिरवण्याइतका नसतो. नाहीतर टर्मिनल सैल असतं, किंवा त्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. व्होल्टेज मोजायचा साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी भार सोसत नाही. गाडी चालू करून ॲक्सिलरेटर थोडा वाढवला की साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. तेवढं येत नसेल तर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल, दोष इंजिनात वीज तयार करणाऱ्या कॉइलमध्ये, नाहीतर ती वीज बॅटरीजोगी करून देणाऱ्या रेक्टिफायरमध्ये. आणि 15 च्या वर जात असेल तर रेक्टिफायर बॅटरी उकळवतोय. ही तीन मापं न घेता नवी बॅटरी घेऊन जाणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. बॅटरी विकणं माझा धंदा आहे, तरी सांगते, आधी मापं घ्या.

चौथा: "गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढा, चालू राहिली तर चार्जिंग ओके." जुन्या कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्या बॅटरीशिवायही चालतात, हे खरं. तरी चाललेली गाडी चार्जिंग बरोबर करते असं त्यातून ठरत नाही. 2020 च्या एप्रिलपासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाचा निकष) गाड्यांत तर बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. चालू गाडीत बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो. त्याची किंमत शोरूमला विचारून बघा.

पाचवा, "रोज पाच मिनिटं जागेवर चालू ठेवा". आयडलला चार्जिंग तुटपुंजं असतं, सेल्फने जेवढं खाल्लं तेवढंही भरून निघेल याची खात्री नाही. वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा. महिनाभर गावाला जाणार असाल तर बॅटरीची वायर काढून ठेवा, काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह.

सहाव्यात हेडलाइटला वेगळा स्विच लावायला सांगितलंय, "कायम चालू दिव्याने बॅटरी खाल्ली" म्हणून. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना कायम चालू हेडलाइट सक्तीचा आहे, समोरच्याला तुम्ही दिसावं म्हणून. बहुतेक गाड्यांत तो इंजिन चालू झाल्यावरच लागतो. सिग्नलला सिग्नल लागणाऱ्या शहरात त्याचा थोडा भार पडतो, एवढं कबूल. पण निरोगी चार्जिंग तो सोसतं, आणि रस्त्यावरच्या कुणीतरी वायर कापून लावलेला स्विच हीच उद्याची शॉर्ट असते.

भाच्याचं वायरिंग नवं टाकलं, गळ्यापाशी जाड स्लीव्ह घातली, हँडल दोन्हीकडे वळवून बघितलं. दादाने ग्रुपवरून मेसेज काढून टाकला. तुम्ही जुनी गाडी घेतली असेल तर आज सीट उघडा आणि फ्यूजची डबी बघा. आधीच्या मालकाने तिथे काय बसवलंय ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.