शर्ट घेताना रंग शेवटी बघावा

औपचारिक शर्ट घ्यायला गेलेला माणूस आधी रंगाकडे वळतो, मग ‘स्लिम फिट’ आहे की ‘रेग्युलर’ ते पाहतो आणि कंपनीचे नाव वाचतो. कॉलरकडे त्याचे लक्ष जाते ते बहुधा शर्ट घरी आल्यावर, आरशासमोर उभे राहिल्यानंतर. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. समोरचा माणूस आपल्याशी बोलताना आपल्या चेहऱ्याकडे पाहत असतो आणि चेहऱ्याला लागून असते ती कॉलर. त्यामुळे शर्ट आपल्याला शोभतो की नाही याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

गोल चेहऱ्याला लांब टोकांची आणि निमुळत्या चेहऱ्याला फाकलेली कॉलर घ्यावी, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही, पण त्याआधी विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: तुम्ही टाय बांधता का? फाकलेली कॉलर टायच्या जाड गाठीला जागा देते, तर अरुंद कॉलरमध्ये तीच गाठ कोंबल्यासारखी दिसते. जे टाय बांधतच नाहीत, त्यांनी कॉलरच्या उभ्या पट्टीकडे बघावे. ती बुटकी आणि मऊ असेल, तर वरचे बटण उघडे ठेवताच कॉलरची दोन्ही पाने कोटाखाली निपचित पडतात आणि महागडा शर्टही गबाळा दिसू लागतो. अशा माणसांना मी टोकांना बटणे असलेली कॉलर सुचवेन. खेळताना कॉलर तोंडावर उडू नये म्हणून पोलो खेळाडू ती अडकवून ठेवत, आणि तीच युक्ती न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शर्टात आणली, असे सांगितले जाते. या कॉलरची खरी शोभा घडीपासून बटणापर्यंत येणाऱ्या त्या हलक्या फुगीर वळणात असते. आत कडक बक्रम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारे अस्तर, चिकटवलेले असेल तर ते वळण येतच नाही, कॉलर पुठ्ठ्यासारखी सपाट राहते. म्हणून कॉलर बोटांत धरून दुमडून पाहावी.

मापाबाबत एकच गोष्ट ठामपणे सांगतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशी संपत नसेल, तर तो शर्ट परत ठेवावा. कमरेचा घेर कमी करता येतो, बाहीची लांबीही कमी करता येते, पण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे शर्ट जवळजवळ नव्याने शिवणे आले. गळ्याचे बटण लावल्यावर आत दोन बोटे सहज जावीत, आणि कफ मनगटाच्या हाडाशी असा थांबावा की कोटाच्या बाहीबाहेर तो सेंटिमीटरभर दिसेल. मुंढ्याविषयी, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या घेराविषयी, मात्र अनेकांचा गैरसमज असतो. सैल, खाली उतरलेला मुंढा आरामाचा वाटतो, पण प्रत्यक्षात हात वर केला की तो अख्खा शर्ट वर ओढतो आणि इन केलेला शर्ट पँटमधून बाहेर येतो. काखेच्या जवळ बसणाऱ्या मुंढ्यात हात अधिक मोकळा हलतो. म्हणून शर्ट अंगावर घालून नुसते ताठ उभे राहू नये, हात वर करावेत, खुर्चीवर बसावे आणि पोटावरच्या दोन बटणांमध्ये फट पडते का ते पाहावे. आपला दिवस बहुतेक बसूनच जातो.

कापडाच्या बाबतीत आकड्यांना भुलू नये. कापडावर लिहिलेला ८०, १०० किंवा १२० हा आकडा सुताचा बारीकपणा सांगतो, टिकाऊपणा नव्हे. आकडा वाढतो तसे कापड तलम होते आणि सहसा चुरगळतेही अधिक. रोज वापरायचे असेल तर दुहेरी सुताचे (दोन धागे एकत्र पिळलेले) ८० किंवा १०० पुरेसे आहे. कापडाच्या विणींपैकी पॉपलिन गुळगुळीत आणि कडक रीतीरिवाजाचे, ट्विल किंचित जड पण सुरकुत्या लपवणारे, ऑक्सफर्ड जाडसर आणि मोकळ्या वृत्तीचे. ‘इस्त्रीची गरज नाही’ असे लिहिलेल्या सुती शर्टावर बहुधा रासायनिक प्रक्रिया केलेली असते, आणि तिने धाग्याची ताकद कमी होते. सतत प्रवास करणाऱ्याने ती तडजोड खुशाल करावी; मी करत नाही.

आता स्वतःची शैली कोणती, हे ओळखायचे कसे? चित्रे पाहून ते कळत नाही. आपले कपाट उघडून कोणत्या शर्टाची कॉलर झिजली आहे ते पाहावे, कारण आवडतो असे आपण म्हणतो तो शर्ट आणि घाईच्या सकाळी हात आपोआप ज्याच्याकडे जातो तो शर्ट, हे पुष्कळदा वेगळे निघतात. झिजलेल्या शर्टाची कॉलर, पोत आणि घेर हाच आपला कल. बाह्या दुमडण्याची सवय असलेल्याने दुमडून कफलिंकने अडकवायचे कडक दुहेरी कफ घेऊन काय साधणार?

रंगाचे फारसे अवघड नसते. पांढरा आणि फिकट निळा जवळजवळ सर्वांना चालतो, बारीक पट्टे त्यानंतर, आणि चौकडी जितकी मोठी तितका शर्ट कमी औपचारिक. खिशाबद्दल माझे मत अनेकांना पटणार नाही: कोटाखालच्या शर्टाला खिसा नसावा, कारण खिसा असला की त्यात पेन, पावत्या आणि मोबाइल जाणारच.

शिंप्याकडून शिवून घेणार असाल तर एकदम पाच शर्ट टाकू नयेत. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत थोडे आटते, आणि त्याचा परिणाम गळा व बाही या दोन ठिकाणी लगेच जाणवतो. एकच शर्ट शिवून, तो धुऊन आणि दिवसभर वापरून, मग माप पक्के करावे आणि बाकीचे कापड शिंप्याच्या हवाली करावे.