एका वेलांटीसाठी दीड मिनिट: एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

भाऊ नमस्कार, रिव्ह्यू वाचला. "साईट दिसायला चांगली पण एक वेलांटी सुधारली तरी दीड मिनिट थांबून राहा, भाचा म्हणते ह्युगोवर करायला पाहिजे होती, पैसे पाण्यात." तक्रार खरी आहे अन् चूक आमचीच जास्त आहे.

तुमची साईट जेकिलवर आहे, म्हणजे लेखांची वेबपानं आधीच बनवून ठेवणारं सॉफ्टवेअर; ह्युगोही तसंच. काही बदललं की ते पानं परत बनवते, त्यालाच बिल्ड म्हणतात. बनवली तेव्हा पऱ्हाटी, तूर अन् संत्रा मिळून ऐंशीक लेख होते, सेव्ह केलं की लगेच दिसे. आता ११०० झाले. काल रात्री लाईन आल्यावर तुमच्या साईटची कॉपी माझ्या मशीनवर प्रोफाईल (कुठे किती टाईम जाते ते दाखवणारा पर्याय) लावून चालवली तर कळलं की लेखाच्या खाली तो "हेही वाचा" चा डबा आहे ना, तोच सगळा टाईम खाऊन राहिला, अन् तो आम्हीच बसवलेला. एकेका लेखासाठी तो बाकीचे सगळे लेख चाळते, म्हणजे ११०० गुणिले ११००, बारा लाखाच्या वर चकरा, अन् तेही तुम्ही एक वेलांटी सुधारली म्हणून! ऐंशी लेखांवर हे साडेसहा हजारात भागत होतं म्हणून तेव्हा कोणाच्या ध्यानात नाही आलं.

तर आता तो डबा फक्त प्रोडक्शन बिल्डमध्येच, म्हणजे साईट वर चढवायच्या बिल्डमध्येच, येईल असं करून ठेवलं, लिहिताना दिसणार नाही, घाबरू नका. दुसरं, सर्व्हच्या (लिहिताना साईट आपल्याच मशीनवर दाखवणाऱ्या) कमांडमध्ये लिमिट पोस्ट्स २० टाकलं, म्हणजे लिहिताना तारखेने नवे २० लेखच बनतील. यात एक खोट आहे, नव्या लेखात पोस्ट युआरएल (जेकिलचा लेखाची लिंक बनवणारा टॅग) वापरून जुन्या लेखाची लिंक दिली असेल तर तो जुना लेख सापडत नाही अन् बिल्ड एरर देऊन थांबते. तसं झालं किंवा जुनाच लेख सुधारायचा असला तर लिमिट काढून इन्क्रिमेंटल लावा, मग बदललेलंच पान परत बनते.

हे इन्क्रिमेंटल आधीच काहून नाही लावून दिलं? कारण जेकिलवालेच त्याला एक्सपेरिमेंटल म्हणतात. लेखाचं नाव बदललं तरी होमपेजच्या यादीत जुनंच नाव राहू शकते, अन् मग तुम्ही मलेच फोन केला असता 😅 पण हे तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. म्हणून साईट वर चढवायच्या आधी जेकिल क्लीन (आधी बनलेली पानं पुसणारी कमांड) मारून पूर्ण प्रोडक्शन बिल्ड कराच, तिथे घाई नको. अन् कॉन्फिग (साईटच्या सेटिंगची) फाईल बदलली तर सर्व्हर बंद करून परत चालू करा, ती चालू सर्व्हरमध्ये वाचल्या जात नाही.

भाच्याचं म्हणणं चूक नाही जी. ह्युगो गो भाषेत आहे, लई फास्ट आहे, अन् लिहिताना तर तुम्ही नुकती उघडलेली पानंच परत बनवते. पण तुमचे सगळे टेम्प्लेट, म्हणजे पानांचे साचे, जेकिलच्या लिक्विड भाषेत आहेत, ते गोच्या टेम्प्लेटमध्ये नव्याने लिहावे लागतील, अन् त्याचा खर्च तुमच्याच माथी येईल. एक डबा हटवून भागत असेल तर मी तरी तो खर्च सांगणार नाही.

बाजाराच्या दिवशी लॅपटॉप घेऊन दुकानात या, सगळं बसवून देतो, पैसे नाही घेणार. अन् साईटचं फोल्डर क्लाऊड सिंकमध्ये ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा, एकेका बिल्डला शेकडो फाईली अपलोड होत असतील, तुमचा नेटपॅक दुपारीच काहून संपते तेही त्यातून निघू शकते.