नागपूरहून मुंबई "एका तासात"? हा हिशेबच चुकीचा आहे

आमच्या यवतमाळ भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. नागपूर-मुंबई ८३७ किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८५०, म्हणजे प्रवास तासाभराचा. कंपन्या दीड तास उगाच लिहितात. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे जाताना मुंबईच विमानाकडे सरकते. तेव्हा सकाळी आरामात निघा आणि दुपारी टाटा हॉस्पिटलची अपॉइंटमेंट गाठा. याच शेवटच्या वाक्यासाठी हे लिहावं लागतंय. पेशंटला घेऊन कुणी या भरवशावर निघालं, तर नंबर हुकायचा.

८३७ हे रेल्वेचं अंतर आहे, रूळ वळणं घेत जातात त्याचं. सरळ हवाई अंतर साधारण ६८५ किलोमीटर भरतं.

मग दीड तास का? ताशी ८५० हा वेग वर पोहोचल्यानंतरचा. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दी झाली की विमान वरच घिरट्या घालतं. अमरावतीचंच बघा. तिथल्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचं हवाई अंतर जेमतेम ५४० किलोमीटर, पण २०२५ मध्ये तिथून सुरू झालेलं विमान पंख्याचं, एटीआर. त्याचा वेगच ताशी ५०० च्या आसपास, म्हणून अंतर कमी असूनही पावणेदोन तास लागतात.

पृथ्वीचा मुद्दा तर उलटाच आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, विमान त्या हवेतच उडतं. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, त्यामुळे मुंबईकडे जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी.

आता घरापासूनचा हिशेब. यवतमाळ ते नागपूर दीडशे किलोमीटर, एसटीने तीन तास तरी धरा. घाटंजी, पांढरकवड्याकडचे असाल तर आणखी पुढचं-मागचं मोजा. बहुतेक विमानांचं सामानाचं काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, म्हणजे दोन तास आधी पोहोचलेलं बरं. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा. पुढे दीड तास उड्डाण, सामान, आणि परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत टॅक्सीला तासभर. एकूण आठ तासांच्या खाली काही येत नाही. विमानतळ वर्धा रोडलाच आहे, त्यामुळे गणेशपेठच्या एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत यायची गरज नाही. जवळ कुठे उतरता येईल ते कंडक्टरला आधीच विचारा.

सकाळचा नंबर असेल तर धामणगावहून आदल्या संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस धरा, ती सकाळी मुंबईत पोहोचते. विमानानेच जायचं असेल तर आदल्या दिवशीचं तिकीट काढा.