कृमीच्या गोळीने कॅन्सर बरा होतो?

एक मेसेज काही वर्षं सतत फिरतोय. कॅन्सर म्हणजे मुळात परजीवी, फेनबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिनसारख्या स्वस्त जंतनाशकाने तो बरा होतो, आयव्हरमेक्टिनला तर नोबेल मिळालंय, पण नफा बुडेल म्हणून कंपन्यांनी हे दडपलं, असं त्यात म्हटलंय. हा मेसेज उपचार चालू असलेल्या, घाबरलेल्या माणसापर्यंत पोचतो, म्हणून मला त्याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं.

परजीवींमुळे काही कॅन्सर होतात, हे खरं आहे. शिस्टोसोमा हिमॅटोबियम या कृमीमुळे मूत्राशयाचा होतो, काही लिव्हर फ्लूकमुळे (यकृतातल्या चपट्या कृमींमुळे) पित्तनलिकेचा. पण वर्षानुवर्षांच्या दाहाने बिघडतात त्या रुग्णाच्याच पेशी. गाठ झाल्यावर कृमी मारले तरी ती जात नाही.

नोबेल 2015चं. विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना ते मिळालं कृमींमुळे होणाऱ्या रोगांवरच्या कामासाठी. कॅन्सरचा त्यात संबंध नव्हता.

‘प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या’ हा मुद्दा खोटा नाही, अपुरा आहे. फेनबेंडाझोल पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून विभाजन अडवतं. व्हिन्क्रिस्टिन हे केमोथेरपीचं जुनं औषधही ट्युब्युलिनवरच काम करतं. प्रश्न असतो रक्तात किती औषध उतरतं याचा. फेनबेंडाझोलच्या गटातली जंतनाशकं आतड्यातून फार कमी शोषली जातात. आतड्यातल्या जंतांसाठी ते सोयीचं असतं, पण फुफ्फुसातली गाठ तिथून दूर आहे. कोविडमध्ये हेच झालं. 2020 साली आयव्हरमेक्टिनने प्रयोगशाळेत विषाणू रोखला, पण तेवढी मात्रा नेहमीच्या डोसने रक्तात येणं शक्य नव्हतं. पुढे ब्राझीलमधल्या तेराशेहून जास्त रुग्णांच्या चाचणीत रुग्णालयात जाण्याचं प्रमाण त्याने कमी झालं नाही.

फुफ्फुसाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या अमेरिकन रुग्णाची गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली जाते. तो त्याच काळात इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचाराच्या, चाचणीतही होता. मेसेजमध्ये हे वाक्य नसतं.

आता दडपण्याचा आरोप. लेव्हामिसोल हे मेंढ्यांना देतात ते जंतनाशक. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर फ्लुओरोयुरॅसिल या केमोथेरपीच्या औषधासोबत द्यायला 1990 साली अमेरिकेत त्याला रीतसर मंजुरी मिळाली. म्हणजे जंतनाशक कॅन्सरतज्ज्ञांनी नाकारलं नाही, उलट स्वतः तपासून स्वीकारलं. कंपनीने माणसांच्या गोळीची किंमत मेंढ्यांच्या औषधाच्या कितीतरी पट ठेवली, आणि त्यावर जाहीर आवाज उठवला तो त्या संशोधनाचं नेतृत्व करणाऱ्या, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या चार्ल्स मोर्टेल यांनीच. कंपन्यांच्या लोभाबद्दल लोकांना चीड येते ती मला रास्त वाटते. पण लोभाने औषध महाग झालं, लपलं नाही. नंतरच्या चाचण्यांमध्ये फ्लुओरोयुरॅसिलला ल्युकोव्होरिन या दुसऱ्या औषधाची जोड सरस ठरली, लेव्हामिसोलने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात हेही माहीत होतं, आणि लेव्हामिसोल बाजूला पडलं.

जुन्या औषधाला नवं काम आजही मिळतं. आयव्हरमेक्टिन आधी जनावरांचं होतं. केनियात ते गावोगाव दिल्यावर मुलांमध्ये मलेरियाची लागण 26 टक्क्यांनी कमी झाली, कारण औषध घेतलेल्या माणसाचं रक्त प्यायलं की डास मरतात. 2025 साली हे प्रसिद्ध झालं, कोणी अडवलं नाही.

‘घेऊन बघायला काय हरकत आहे?’ याला जपानमधल्या एका वृद्ध रुग्णेचं उदाहरण आहे. इम्युनोथेरपी चालू असताना तिने सोशल मीडियावर वाचून महिनाभर फेनबेंडाझोल घेतलं. यकृताला गंभीर इजा झाली. खोदून विचारल्यावरच डॉक्टरांना ते कळलं, आणि औषध थांबवल्यावर यकृत सुधारलं. घरात कोणी अशी गोळी सुरू केली असेल, तर रागावू नका, पण पुढच्या डोसआधी त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना सांगा.