पझल फुगलंय!

चार हजार रुपये मोजून पाचशे तुकड्यांचं लाकडी जिगसॉ पझल मागवलं. ते फुगलंय. दार फुगतं, खिडकी फुगते, पापड सादळतात, हे मालवणात जन्मापासून बघतेय. पण पझल?

आमचा होमस्टे आहे. मे संपला की पाहुणे गेले. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणजे नवऱ्याची बोटही झापांखाली. वर्षभरात निवांत बसून पझल लावायला मिळतात ते हेच दोन महिने, आणि नेमकं तेव्हाच ह्या मेल्या लाकडाला पाणी प्यायचं असतं!

चौकट मेमध्येच लावून ठेवली होती. तुकडा जागेवर ठेवला की टक् करून बसायचा, त्या आवाजासाठी तर हा छंद. आता अंगठा दुखेपर्यंत दाबलं तरी एक कान वरच राहतो. एकेक तुकडा फुगतो केसाएवढाच हो, पण ओळीत पंचवीस असले की सगळे केस एकत्र होतात आणि शेवटचा तुकडा चौकटीत मावतच नाही. नवरा म्हणाला, "थांब, मी बसवतंय," आणि सरळ वरवंटा घेऊन आला. एक ठोका. कान तुटला. आत बघते तर लाकूड कसलं, भुसा! डिंकात दाबलेला तपकिरी भुसा, एमडीएफ. खोक्यावर मात्र ठसठशीत अक्षरांत 'अस्सल लाकडी'.

कंपनीला फोन केला. पलीकडून गोड आवाज, "मॅडम, प्रॉडक्ट कोरड्या जागेत ठेवा." अहो, जुलैत मालवणात कोरडी जागा कुठली? कपाटातल्या पैठणीला बुरशी येते इथे!

1760च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशावाल्याने महोगनीच्या फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, तिथून हे खूळ सुरू झालं म्हणतात. फळीवर, भुश्यावर नाही. आणि लांब कशाला जा, लहानपणी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळं आईकडे अजून आहेत. पेरू पेरूएवढाच आहे. त्याला सगळीकडून रंग असतो ना! ह्या पझलला फक्त वर चित्राचा कागद, कडा लेझरने जाळून उघड्या सोडलेल्या. तिथूनच ओल आत शिरते.

उपायही सगळे करून झाले. तुकडे तांदळाच्या डब्यात पुरले, तर भाताला जळका वास. चुलीच्या उबेला ठेवले, तर चित्राचा कागद पापुद्र्यासारखा सुटला. निळं आकाश एकीकडे, भुसा एकीकडे.

शेवटी पॉलिशपेपरने कडा घासायला बसले. तेवढ्यात मागचं दार बघायला सुतार आला होता, तो ओरडलाच, "वयनी, पावसात घासूचा नाय! दिवाळेक फटी पडतले." दाराला तरी रंधा मार म्हटलं, तर त्यालाही नाहीच म्हणाला.

"मग मी हे लावू कधी?"

"दिवाळेक लावा."

दिवाळीला! दिवाळीला माझ्या सहाही खोल्या फुल असतात आणि चहाच्या भांड्याखालचा गॅस बंद होत नाही!