‘पडून असलेल्या कोडने काय बिघडतं?’

नाशिकच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘न वापरलेली फीचर्स नुसती पडून असतात, त्यांनी काही बिघडत नाही. डिस्क स्वस्त आहे. टूल लावून कोड काढला की प्रोग्रॅम मोडतोच.’ अंबड-सातपूरच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणारे माझे मित्रही तो पुढे पाठवतायत, म्हणून लिहितोय.

नुसती पडून असतात? डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरशेल हे सुरक्षेतलं भगदाड आठवा. लॉगफोरजे ही जावातली नोंदी लिहिणारी लायब्ररी. नोंदीच्या मजकुरात जेएनडीआयचा (नावावरून दुसरीकडची वस्तू शोधून आणणाऱ्या जावातल्या सोयीचा) पत्ता आला की ती थेट त्या पत्त्यावर जाऊन माहिती आणायची. बहुतेकांनी ही सोय कधी मागितली नव्हती, तरी ती चालू होती. कुणीही लॉगिनच्या चौकटीत तशी एक ओळ टाकावी आणि सर्व्हरवर आपला कोड चालवावा! त्यावरचा एक तातडीचा उपाय होता जार फाइलमधून (जावाचा कोड बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यातून) जेएनडीआयलुकअप हा क्लास, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडाच, काढून टाकणं. क्लास गेला, नोंदी पूर्वीसारख्याच होत राहिल्या. २०१४ च्या हार्टब्लीडमध्येही तेच: ओपनएसएसएल या इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित करणाऱ्या लायब्ररीतल्या हार्टबीट या, जोडणी चालू आहे का ते तपासणाऱ्या, सोयीतून एका विनंतीला ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर पडायची. हार्टबीट वगळून कंपाइल केलेल्यांना त्याची झळ लागली नाही.

डिस्कचं म्हणाल, तर प्रश्न जागेचा नाहीच.

‘मोडतोच’ यात मात्र तथ्य आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. काय काढायचं हे टूल दोन पद्धतींनी ठरवतात. स्टॅटिक विश्लेषण कोड न चालवता कोणतं फंक्शन कुणाला बोलावतं ते शोधतं आणि जिथे पोचताच येत नाही तेवढंच काढतं. संशय आला तर ठेवतं. पण क्लासचं नाव कॉन्फिग फाइलमधून (कोडबाहेरच्या सेटिंगच्या फाइलमधून) येत असेल, तर ते त्याला दिसत नाही. ते आपणच ‘ठेव’ म्हणून सांगावं लागतं. डायनॅमिक पद्धत चालताना दिसलं तेवढंच राखते. पिंपळगावच्या एखाद्या पॅकहाऊसचा प्रोग्रॅम ऑगस्टमध्ये महिनाभर निरखला, तर द्राक्ष निर्यातीचा भाग एकदाही चालणार नाही. तो छाटला, की ऐन जानेवारीत कंटेनर दारात आणि कागद निघत नाहीत. दोष छाटणीचा नाही, चुकीच्या महिन्यात बघण्याचा आहे. २०१९ च्या रेझर या संशोधनात चाललेल्या कोडच्या जोडीला त्याच्याशी संबंधित न चाललेला कोडही राखला जातो, तो याचसाठी.

मी तर आधी काही पुसतच नाही. संशयित फंक्शनच्या सुरुवातीला फक्त नोंद करणारी ओळ घालून मूळ काम चालू ठेवतो. द्राक्षबागांच्या ऑक्टोबरच्या सुमाराच्या गोडी छाटणीपासून मार्चअखेरच्या हिशेबापर्यंत एकही नोंद आली नाही, की मगच कात्री लावतो.