रेघेची साक्ष चालते का?

वादाला तोंड फुटलं ते मास्तरांच्या पिशवीतून निघालेल्या जाडजूड पुस्तकामुळे. पत्रकार-चित्रकार जो साको यांचं २००९ सालचं कॉमिक, ‘फूटनोट्स इन गाझा’. वकिलाने चार पानं उलटली आणि ते कट्ट्यावर आपटलं.

“नोव्हेंबर १९५६ मध्ये गाझातल्या खान युनिस आणि रफामध्ये इस्रायली सैनिकांकडून माणसं मारली गेली. हा गडी जन्मला १९६० मध्ये. मग भिंतीला लावून उभी केलेली माणसं याने कुठून बघितली? आमच्याकडे याला ऐकीव म्हणतात.”

“ऐकीवच आहे, आणि तो कुठे नाही म्हणतोय?” मास्तर म्हणाले. “म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसतो, तीच गोष्ट अनेकांना विचारतो. कुणी छातीठोकपणे सांगतो की मी तिथं होतो, बाकीच्यांच्या आठवणीत मात्र तो नसतोच. हा दोन्ही बाजू मांडतो.”

“मांडतो ना. पण भिंतीचं चित्र एकदा डोक्यात बसलं की नंतरची विसंगती कोण लक्षात ठेवतो?”

इथे मी वकिलाच्या बाजूने. (असं क्वचितच होतं.) फोटो आपण अंगठ्याने पुढे ढकलतो. कॉमिकमध्ये तसं जमत नाही. एका चौकटीत उगारलेली बंदूक, पुढच्या चौकटीत नुसत्या पडलेल्या चपला. मधल्या कोऱ्या पट्टीत गोळी वाचकानेच झाडलेली असते. स्वतः भरलेल्या जागेवर माणूस शंका घेत नाही.

चित्रकार इतका वेळ गप्प होता. “कॅमेरावाला फोटोत दिसतो का कधी? हा स्वतःलाही चित्रात काढतो. लोक डोळ्यांसमोर पाडल्या जाणाऱ्या घरांबद्दल बोलायला लागले की हा चुळबुळतो, याला १९५६ हवं असतं. स्वतःचा हा हावरेपणाही काढलाय त्याने. आणखी काय पाहिजे?”

“पण हे वाचतं कोण? ज्यांना आधीच पटलंय ते,” मी म्हटलं.

मास्तरांनी लगेच ‘बेअरफूट गेन’ हे जपानी कॉमिक काढलं, म्हणजे बोलण्यात. त्याचे चित्रकार केइजी नाकाझावा हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचे होते. वडील, बहीण, धाकटा भाऊ त्याच दिवशी गेले. त्यावरची ही मालिका १९७३ पासून छापून येऊ लागली. २०१२ च्या डिसेंबरात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना सांगितलं, मुलांच्या हाती सहज पडू देऊ नका. खटकलं काय, तर जपानी सैन्याने आशियात केलेल्या अत्याचारांची चित्रं. बोंबाबोंब झाली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला.

“म्हणजे मतं बदलतात,” मास्तर.

“म्हणजे मंडळ घाबरलं. मुलांचं मत कुणी विचारलंय?” वकील. यावर मास्तर जरा अडले.

वकिलाने पुस्तक पुन्हा उचललं. “आणि याच्या चष्म्यात डोळे का नाहीत? नुसत्या पांढऱ्या चकत्या.”

“मी तरी असं वाचतो,” चित्रकार म्हणाला, “की तिथं तू तुझे डोळे बसवायचे.”

“वा! डोळे माझे, बघणं माझं, आणि सही याची?”